सुंदराक्काचा स्वच्छ सूड

सूड घ्यायचा असेल तर आधी त्या माणसाला नीट जगवावं, असं सुंदराक्काचं मत होतं. मेलेल्यावर कसला सूड घेणार? त्याला कळतंय कुठे?

ती गेल्यापासून मी तिला मनातल्या मनात अगं-तुगं करते. जिवंत असताना माझी तेवढी छाती नव्हती. ती आमच्या सर्जिकल वॉर्डची मुख्य सिस्टर होती, बेंगळुरूच्या एका जुन्या धर्मादाय इस्पितळात. मी पुण्याहून लग्न होऊन आले होते. नवरा सरकारी कारखान्यात इंजिनियर, आणि मी नर्सिंग शिकलेली, म्हणजे माझ्या मते इस्पितळावर उपकार करायला आलेली. टोपी तिरकी लावायची, गालावर एक बट मुद्दाम सोडायची, आणि बोलायचं ते जोडाक्षरांसकट. पहिल्याच दिवशी माझं बोलणं थोडा वेळ ऐकून अक्का म्हणाली, "सरी," म्हणजे बरं, "आता रेडिओ बंद कर आणि बेडपॅन घे."

तिचं घराणं शहाजीराजांच्या लष्कराबरोबर इकडे आलं आणि परत जायचं राहून गेलं. घरात मराठी बोलत, पण त्या मराठीत कन्नड असं मिसळलेलं की मला वाटे हिला कोणीतरी व्याकरण शिकवावं. ते शिकवायला मी निघालेही होते. 'स्वल्प थांब' नाही, 'जरा थांबा' म्हणावं, असं मी तिला एकदा सुचवलं. तिने डोळ्यांनी मला डोक्यापासून चपलेपर्यंत मोजलं आणि मला धुवायच्या चादरी मोजायला पाठवलं. ती बुटकी आणि रुंद होती, हात सदा साबणाने धुतलेले, बोटांची टोकं पांढरी पडलेली. वॉर्डातून चालली की मोगऱ्याचा आणि डेटॉलचा मिळून वास यायचा. तो वास आला की पेशंटचे नातेवाईक खाटेवरून आपोआप उठून उभे राहत.

तेव्हा ऑपरेशनआधी रोग्याची धास्ती कमी व्हावी म्हणून बार्बिट्युरेट जातीची एक कॅप्सूल देत. आता त्या कामाला ती कोणी फारशी वापरत नाही, सौम्य औषधं आली. ती कॅप्सूल पोटात गेली की थोड्या वेळात माणूस ढगात. उठायला गेला तर पाय आपले नाहीत, बोलायला गेला तर जीभ आपली नाही. आधीची दारू पोटात असेल तर श्वाससुद्धा मंदावायचा. म्हणून अक्काच्या वॉर्डात त्या कॅप्सूलचा विधी एखाद्या मुंजीसारखा चालायचा. सही आधी. लघवी आधी. कवळी, केसांतले आकडे, अंगठ्या आधी. मग कॅप्सूल, ती गिळलेली दिसली पाहिजे, जीभ वर करून दाखवायची. मग खाटेचे दोन्ही कठडे वर. कठडा खटकन बसला की ती तो हाताने हलवून बघायची, जशी बायका कुलूप लावल्यावर ओढून बघतात. मग घंटा पेशंटच्या हातात आणि पडदा. त्यानंतर खाटेवरून उतरायचं नाही, देवाने हाक मारली तरी नाही.

आणि एक नियम तिचा स्वतःचा होता, कुठल्या पुस्तकात नसलेला. कॅप्सूलनंतर पेशंट जे बोलेल ते कोणी ऐकायचं नाही, आणि ऐकलंच तर कुठे बोलायचं नाही.

हा नियम का, ते मला एका सासूबाईंमुळे कळलं. पित्ताशयाच्या ऑपरेशनला आलेल्या. कॅप्सूल घेतली, डोळे जड झाले, आणि तेवढ्यात थोरली सून पडद्याआड शिरून कानाशी गोड आवाजात विचारू लागली की अत्ते, बांगड्या नेमक्या कुठल्या डब्यात ठेवल्यात? सासूबाई सांगायलाच लागल्या, तांदळाच्या... आणि अक्का आली. तिने सुनेला दंडाला धरून बाहेर आणलं आणि सगळ्या वॉर्डासमोर विचारलं की आता तुला मी एक कॅप्सूल देते आणि तुझ्या नवऱ्याला बोलावते, तू काय काय सांगतेस ते बघू. सून जी गेली ती डिस्चार्जच्या दिवशीच उगवली. अक्का मला म्हणाली, "गुंगीतल्या माणसाचं बोलणं उचलणं म्हणजे झोपलेल्याच्या खिशात हात. समजलं ना रेडिओ?"

म्हाताऱ्या माणसांना ती कॅप्सूल कधीकधी उलटाच परिणाम करी. झोपायच्या ऐवजी ती पेटून उठत. एक निवृत्त हेडमास्तर असेच कठड्यावर एक पाय टाकून उभे राहिले आणि शाळा भरवली. माझी टोपी ओढून स्वतःच्या डोक्यावर घातली, मला बाकावर उभं राहायला सांगितलं, आणि मी मूर्ख, घाबरून स्टुलावर उभी राहिलेसुद्धा. अक्का धावत आली नाही. चालत आली, हात जोडले आणि कन्नडात म्हणाली, सर, आज प्रार्थना झोपून म्हणायची आहे, वरून आदेश आलाय. हेडमास्तरांनी क्षणभर विचार केला. वरून आदेश म्हटल्यावर ते मुकाट्याने आडवे झाले. अक्काने त्यांच्या उशाशी बसून खरोखर एक आख्खी प्रार्थना म्हटली, त्यांचा हात धरून, ते घोरू लागेपर्यंत. मी तोपर्यंत स्टुलावरच.

अशी हुशार, अशी खट्याळ बाई एका माणसाच्या बाबतीत मात्र कधी हसत नसे. ते आमचे मोठे डॉक्टर, वॉर्डाचे मुख्य सर्जन. उंच, गोरे, कपाळावर काळ्याभोर केसांचं वळण. आम्ही नव्या मुली त्यांना आपसात 'हिरो' म्हणायचो. त्यांनी मला एकदा "गुड" म्हटलं होतं, ते मी पुण्याला आईला पत्रातून कळवलं. कशाबद्दल म्हटलं ते लिहिलं नाही. मी दार उघडून धरलं होतं. अक्का त्यांच्याशी फक्त "होय डॉक्टरे" आणि "नाही डॉक्टरे" एवढंच बोलायची. 'डॉक्टरे' ही कन्नड हाक खरी आदराची, पण तिच्या तोंडून ती चिमट्याने उचलल्यासारखी यायची.

कारण मला वॉर्डातल्या आयाने सांगितलं. मी यायच्या आधी फिलोमिना नावाची एक तरुण नर्स होती, अक्काने हाताला धरून तयार केलेली. अक्का भावाच्या लग्नासाठी सुट्टीवर असताना, कॅप्सूल दिलेली एक फूलवाली खाटेवरून खाली पडली. डोकं आपटलं. ती त्यातून उठली नाही. कठडा खाली होता. चौकशीत मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं की मी राउंडला आलो तेव्हाच तो खाली होता, नर्सने लावला नव्हता. फिलोमिना रडत सांगत राहिली की मी लावला होता, हलवून बघितला होता, डॉक्टरांनीच तो काढला. हिरोपुढे तिचं कोण ऐकणार? तिला काढलं. अशा शिक्क्यानंतर दुसऱ्या कुठल्या इस्पितळाने घेतलं नाही. ती हेब्बाळच्या बाजूला कपडे शिवत बसली. अक्काकडे पुरावा नव्हता, बोलायला तयार साक्षीदार नव्हता. तिला फक्त एवढं ठाऊक होतं की आपण शिकवलेली मुलगी कठडा खाली ठेवून जाणार नाही. आया म्हणाली, अक्काने देवापुढे शपथ घेतलीय, हे त्या माणसाच्या तोंडून वदवल्याशिवाय मरणार नाही.

आणि मग मोठ्या डॉक्टरांना हर्निया झाला.

ते आपल्याच इस्पितळात दाखल झाले, अक्काच्या वॉर्डात, कोपऱ्यातल्या खोलीत. आम्ही सगळ्या श्वास रोखून होतो. आया तर सरळ म्हणाली की आज ही बाई त्याचा कठडा खाली ठेवणार. मला ते इतकं पटलं की मी मनात पोलिसांना द्यायची साक्षसुद्धा तयार केली, शुद्ध मराठीत.

अक्का खोलीत गेली, मागे मी किडनी ट्रे धरून. डॉक्टरांचे विद्यार्थी भिंतीला लागून उभे होते, बायको खुर्चीत. अक्काने विचारलं, काल संध्याकाळी दारू घेतली होती का? डॉक्टर म्हणाले, नाही. अक्काने बायकोकडे पाहिलं. बायकोने छताकडे पाहिलं आणि म्हणाली, दोनदा. तिथल्या तिथे भूलतज्ज्ञांना बोलावून अक्काने ऑपरेशन पुढच्या दिवसावर ढकललं. डॉक्टर संतापले. ती म्हणाली, नियम आहे डॉक्टरे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सगळे हजर. अक्का म्हणाली, कवळी. आम्हाला माहीतच नव्हतं की कवळी आहे. विद्यार्थ्यांना बाहेर पाठवा म्हणाले, तर अक्का म्हणाली, तुम्हीच सांगता ना, खाटेपाशी उभं राहून जेवढं शिकता येतं तेवढं पुस्तकात नाही. कवळी आली ट्रेमध्ये. मग ती म्हणाली, केस. "क्लिपा असतात आत, डॉक्टरे. भूल देताना चालत नाहीत." मग ते कपाळावरचं काळंभोर वळण, ज्याच्यासाठी मी बट सोडत होते, माझ्या ट्रेमध्ये येऊन पडलं, कवळीच्या शेजारी. मी एवढी हादरले की ट्रे छातीशी घट्ट धरून उभी राहिले, जणू वाचलेलं बाळ. माझं प्रेम आटोपायला तेवढा ट्रे पुरला. विद्यार्थी एकेक करून जमिनीकडे बघू लागले.

लघवीला जाऊन या, अक्का म्हणाली. गरज नाही, डॉक्टर म्हणाले. मग कॅप्सूल. जीभ वर करून दाखवा. सर्जनने जीभ वर करून दाखवली. विद्यार्थ्यांना तिने आता स्वतःच बाहेर काढलं, बायकोलाही. आणि मग ती कठड्यांकडे वळली. मी डोळे मिटले. खटकन आवाज झाला. दुसऱ्या बाजूने पुन्हा खटकन. डोळे उघडले तर ती कठडा हलवून बघत होती, एकदा नाही, दोनदा.

बाहेर येताना न राहवून मी कुजबुजले की अक्का, आम्हाला वाटलं होतं तुम्ही...

"हा पडला तर बोलणार कोण?" ती म्हणाली आणि स्टूल घेऊन त्याच्या खाटेशी जाऊन बसली. मलाही बसवलं, श्वास मोजायला.

थोड्या वेळाने डॉक्टरांना लघवीला लागली. उठायला बघू लागले, कठड्याला झटू लागले. अक्काने त्यांचे खांदे हलकेच खाली दाबले आणि भांडं दिलं. ते रडवेले झाले. मला वाटलं, झालं, हाच सूड, मिळाला. पण ते भांडं बाजूला ठेवल्यावर डॉक्टर बोलायला लागले. बोळक्या तोंडाने, इंग्रजी आणि कन्नड मिसळून. कठडा मीच खाली केला, म्हणाले. विद्यार्थ्यांना त्या फूलवालीचं पोट दाखवायचं होतं. ती नर्स लावायला आली तर मी म्हटलं, तू जा, मी लावतो. मग फोन आला. ती पोरगी रडत होती हो. फार रडत होती.

मी उडालेच. खोलीबाहेर मेट्रन होती, विद्यार्थी होते, बायको होती. एक पडदा सरकवला की सगळ्यांच्या कानावर. मी पडद्याला हात घातला. अक्काने माझं मनगट धरलं.

"सुम्ने बस," ती म्हणाली, म्हणजे गप बस. "बांगड्यांचं ऐकायचं नाही, तर हे पण नाही."

मी म्हटलं, अक्का, फिलोमिना. ती म्हणाली, तिच्यावर खोटं लादून तिला घालवली, आता गुंगीतलं उचलून तिला परत आणायची? उद्या हाच म्हणेल औषधाची बडबड होती, आणि ते खरंच असेल. मग तिने डॉक्टरांच्या ओठांवरची लाळ पुसली आणि सगळ्या बोलण्यावर पाणी सोडल्यासारखी हात धुऊन आली.

मला तेव्हा ती वेडी वाटली. सूड म्हणजे काय हे कळायला मला तीन दिवस लागले. तेवढ्यात डॉक्टर उठून बसले, दात आले, केस आले. अक्का ड्रेसिंग करत असताना त्यांनी अगदी सहज विचारलं, "सिस्टर, कॅप्सूलनंतर मी काही बोललो का?"

"बोललात."

"काय?"

"ते मी सांगत नसते, डॉक्टरे. कोणाचंच." आणि पट्टीची गाठ मारली.

त्या दिवसापासून तो माणूस संपला, उभ्या उभ्या. राउंडला आला की आधी अक्काच्या तोंडाकडे बघायचा. स्वतःच्या हाताने कठडे वर करू लागला, ज्यांना गरज नाही त्या पेशंटचेसुद्धा. दिवाळीला तिच्या घरी मिठाई पाठवली, तिने ती पेशंटच्या नातेवाइकांत वाटली आणि कोणी पाठवली ते प्रत्येकाला सांगितलं. एकदा जिन्यात मला गाठून विचारलं, तुम्ही पण होतात ना तिथे? मी म्हटलं, श्वास मोजत होते सर. तोपर्यंत मी बट सोडायचं सोडलं होतं. असं वर्षानुवर्षं चाललं. अक्का निवृत्त झाली, ते निवृत्त झाले, मी आजी झाले. कोणी कोणाला काही सांगितलं नाही.

अक्का बनशंकरीला भाच्याकडे राहायची. मी अधूनमधून जायची. गेल्या थंडीत गेले तर व्हरांड्यात मोठे डॉक्टर बसलेले, हातात काठी, टक्कल उघडं. बायको गेल्यापासून येतात, अक्का मला स्वयंपाकघरात म्हणाली. पार देवनहळ्ळीकडच्या लेआउटमधून, म्हणजे नव्या वसाहतीतून, टॅक्सी करून येतात, कॉफी पितात, रक्तदाबाबद्दल बोलतात, जातात. विचारायचं असतं, विचारत नाहीत. ती कॉफी गाळत होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे सुख होतं ते मी देवदर्शन करून आलेल्यांच्या चेहऱ्यावरही पाहिलेलं नाही.

त्या दिवशी कप खाली ठेवून डॉक्टर म्हणाले, "तो कठडा मीच खाली केला होता."

कुठला कठडा, अक्काने विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं, फूलवालीसकट, फोनसकट. संपल्यावर घाम पुसला, आता मोकळं झाल्यासारखे. अक्का म्हणाली, "मला सांगून काय होतंय? मी तर सुट्टीवर होते." आणि चपला घातल्या.

त्यांच्याच टॅक्सीतून आम्ही हेब्बाळला गेलो. मी पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे ते दोघं. शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, प्रत्येक सिग्नलला थांबत. डॉक्टर तोंडातल्या तोंडात वाक्य जुळवत होते. मिस्टेक झाली, असं काहीतरी. अक्काने मध्येच अडवलं. "मिस्टेक नको. फोनला गेलात ती मिस्टेक. नंतर सांगितलंत ते खोटं. खोटं म्हणा." ते म्हणून बघू लागले. पुलावर गाड्या तुंबल्या तेवढ्या वेळात तिने त्यांच्याकडून ते तीनदा घटवून घेतलं.

फिलोमिना दाराबाहेर पायरीवर बसून अवरेचे, म्हणजे पावट्याचे, भिजवलेले दाणे सोलत होती. आता केस पांढरे, चष्मा जाड. तिने अक्काकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या काठीकडे, मग तोंडाकडे, आणि ओळखलं. डॉक्टर उभ्यानेच बोलले. कठडा तू लावला होतास. मी काढला. मी खोटं बोललो. कन्नडात, सरळ, न चुकता. मला वाटलं, आता ही रडणार, माफ करणार, आणि मला पदर शोधावा लागणार.

फिलोमिनाने हातातला दाणा परातीत टाकला.

"रविवारी या," ती म्हणाली. "मुलं, सुना घरी असतात. चर्चमधले पण येतात जेवायला. तेव्हा परत सांगा. स्वल्प जोरात."

डॉक्टर अक्काकडे बघू लागले, सुटकेसाठी असावं. ती आधीच पायरीवर फिलोमिनाच्या शेजारी बसली होती आणि परात दोघींच्या मध्ये ओढून घेत होती. मी संध्याकाळी जाईन, तुम्ही व्हा पुढे, तिने मला सांगितलं. यांना टॅक्सीत नीट बसव, पट्टा लाव.

मी पट्टा लावला. गाडी वळत असताना डॉक्टरांनी माझ्या खांद्याला हात लावला आणि विचारलं की तेव्हा कॅप्सूल घेऊन मी हेच बोललो होतो का? मी आरशातून मागे बघत होते. पायरीवर दोन म्हाताऱ्या, मान खाली, चिमटीत दाणा धरून दाबत होत्या, आणि दाणा परातीत, साल आमच्या टॅक्सीच्या दिशेने उडत होतं. अक्काचं साल फाटकापर्यंत पोचत होतं.